आघात, उष्णता, वीज आणि किरणे : शरीरास इजा कशी होते?

विस्तार अधिकारी (शिक्षण), पंचायत समिती, कळंब

शालेय दप्तरात अपघाताची नोंद करण्याचा प्रसंग आला म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘किरकोळ दुखापत’ हे दोन शब्द लिहिलेले आढळतात. हे शब्द लिहिताना शिक्षकाने काय पाहिलेले असते? रक्त किती आले, मूल किती रडले आणि थोड्या वेळाने ते उठून खेळावयास गेले की नाही, एवढेच बहुधा पाहिलेले असते. परंतु डोळ्यांना दिसणारी जखम आणि शरीरास झालेली इजा यांचे प्रमाण नेहमीच सारखे असते असे नाही. गुडघा फुटून रक्तबंबाळ झालेला मुलगा सायंकाळपर्यंत बरा असतो, आणि विजेच्या तारेचा धक्का बसून बोटावर केवळ एक काळा ठिपका उमटलेला मुलगा मृत्यूच्या दारात असू शकतो. असे का घडते, हे शिक्षक बंधुभगिनींस समजावे आणि त्या समजुतीचा उपयोग प्रसंगी एखादे मूल वाचविण्याकडे व्हावा, या हेतूने प्रस्तुत विवेचन केले आहे.

इजेचे मूळ कारण

इजा करणाऱ्या गोष्टी पाहू गेल्यास त्या असंख्य आहेत. दगड, बैलाचे शिंग, मोटारसायकल, उकळते वरण, वैशाखातील ऊन, विद्युत्पंपाची तार, वेल्डिंगचा झोत अशी यादी कितीही वाढविता येईल. परंतु या सर्वांच्या मुळाशी एकच कारण आहे. शरीरातील पेशींना जेवढी ऊर्जा सोसते तीपेक्षा अधिक ऊर्जा, पेशींना सावरण्यास अवधी न देता शरीरात शिरली, म्हणजे इजा होते. थंडीत याच्या उलट घडते. शरीराबाहेर ऊर्जा इतकी निघून जाते की पेशींचे व्यवहार चालेनासे होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली व विल्यम हॅडन या वैद्याने ती पुढे विस्ताराने प्रतिपादन केली. तेव्हापासून अपघातांकडे दैवाचा खेळ म्हणून न पाहता, ज्याची कारणे शोधता येतात व जे टाळता येते असे संकट म्हणून पाहण्याची शास्त्रीय रीत रूढ झाली.

यावरून शिक्षकाने एक नियम लक्षात ठेवावा. अपघात घडल्यावर प्रथम ‘जखम केवढी आहे?’ असे न विचारता ‘शरीरात कोणती ऊर्जा शिरली, किती शिरली व कोणत्या मार्गाने गेली?’ असे विचारावे. पुढील चारही प्रकरणांत हाच प्रश्न आपण विचारणार आहोत.

१. आघात

हलणाऱ्या वस्तूच्या अंगी असलेली ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण उच्च प्राथमिक वर्गांना शिकविणारे शिक्षक जाणतोच. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी तीच मोटारसायकल यांच्या धडकेत दुपटीचा नव्हे, चौपटीचा फरक असतो. उंचीवरून पडण्याचेही तसेच आहे. चार मीटर उंचीच्या गच्चीवरून किंवा चिंचेच्या फांदीवरून पडलेले मूल जमिनीवर ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने आदळते. म्हणजे रस्त्यावर वाहनाची धडक बसावी तशीच ही स्थिती होय. मूल स्वतः उठून उभे राहिले, एवढ्यावरून तिला किरकोळ म्हणता येत नाही.

डोक्यावरील आघाताविषयी विशेष सावध राहावे. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. आघाताने कवटीच्या आतल्या बाजूची एखादी रक्तवाहिनी फाटली तर रक्त बाहेर येत नाही. ते आतच साठते व मेंदूवर दाब आणते. असे मूल प्रथम काही क्षण बेशुद्ध होते, मग शुद्धीवर येते, बोलते, पाणी पिते. आणि काही तासांनी पुन्हा झोपाळू होऊ लागते. मधल्या काळातील त्याची सुधारणा ही खरी सुधारणा नसते. म्हणून डोक्यावर पडलेल्या मुलास वारंवार वांती होणे, डोकेदुखी वाढत जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणे, नाकातून वा कानातून पाण्यासारखा द्रव येणे किंवा जागे करूनही पुरते जागे न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता त्यास रुग्णालयात पोहोचवावे. ‘झोपला आहे, झोपू द्या’ हे वाक्य अशा वेळी घातक ठरते. पालकांस शाळा सुटताना ही लक्षणे सांगून ठेवणे हेही शिक्षकाचेच काम आहे, कारण ती बहुधा रात्री घरी प्रकट होतात.

आघाताचा दुसरा प्रकार दबण्याचा. आपल्या भागास त्याचे वेगळे स्मरण करून देण्याची आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आणि आपल्या, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात गावेच्या गावे कोसळली. सास्तूरसारखे मोठे गाव त्यांत होते. ते आज लोहारा तालुक्यात मोडते. सुमारे आठ हजार माणसे दगावल्याची शासकीय नोंद आहे. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांशी तुलना करता ती मध्यमच म्हणावी लागेल. मग एवढी हानी का झाली? उत्तर घरांत आहे. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जाड माळवद अशी ती घरे होती. एक फूट जाडीच्या माळवदाचे वजन दर चौरस मीटरमागे जवळजवळ पाचशे किलो भरते. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी तीच माती निजलेल्या माणसांच्या छातीवर आली. छातीवर असा भार पडला की फासळ्या वर उचलल्या जात नाहीत, आणि अंगावर एकही जखम नसताना माणूस गुदमरून मरतो.

जो श्वास घेऊ शकतो, परंतु ज्याचा पाय किंवा मांडी ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबून राहते, त्याच्यापुढे निराळाच धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात लंडन शहरावर बॉम्बवर्षाव होत असता, ढिगाऱ्यांतून जिवंत काढलेली व प्रथम बरी दिसणारी माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन मरत असल्याचे तेथील डॉक्टरांना आढळले. बायवॉटर्स व बील यांनी १९४१ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात; त्यांतील पोटॅशियम व एक लाल रंगाचे प्रथिन तेथेच अडकून असते. भार दूर होताच ते रक्तात वाहू लागते. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडविते आणि ते प्रथिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका बुजविते. यास्तव दबलेल्या माणसास लगेच काढता येत असेल तर लगेच काढावे. पण अनेक तास लोटले असतील तर वैद्यकीय पथक येताच त्याच्या सल्ल्याने, सलाईन देण्याची व्यवस्था करून भार उचलणे श्रेयस्कर असते. ही गोष्ट भिंत कोसळणे, विहिरीची दरड ढासळणे, उसाची ट्रॉली उलटणे अशा प्रसंगांसही तितकीच लागू आहे.

२. उष्णता व थंडी

पेशींचे सर्व व्यवहार प्रथिनांच्या साहाय्याने चालतात. अंडे उकडले असता त्यातील पातळ पांढरा भाग घट्ट होतो व तो पुन्हा पातळ होत नाही. तापलेल्या त्वचेतील प्रथिनांचेही तसेच होते. भाजण्याची खोली तपमान व अवधी या दोहोंवर अवलंबून असते. ४४ अंश सेल्सियस तपमानाची वस्तू त्वचेस भाजण्यास सुमारे सहा तास घेते, तर ६० अंशांचे पाणी प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. बालकांची त्वचा पातळ असल्याने त्यांस याहूनही कमी वेळ पुरतो. पोषण आहाराच्या पातेल्यातील नुकतीच उतरविलेली खिचडी ६० अंशांच्या पुष्कळ वर असते, आणि ती चिकट असल्याने त्वचेवरून ओघळून जात नाही. पातेले मुलांच्या रांगेपासून दूर ठेवावे, ते हलविताना मुलांची मदत घेऊ नये आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत मुलांस येऊ देऊ नये, हे दंडक त्यासाठीच आहेत.

भाजल्यावर त्वचेच्या वरच्या थरातील उष्णता आतल्या थरांकडे जात राहते. म्हणून पातेले दूर झाले तरी भाजणे थांबलेले नसते. भाजलेल्या भागावर स्वच्छ, साधे, वाहते पाणी वीस मिनिटे सोडणे हाच प्रथमोपचार होय. घड्याळ लावून वीस मिनिटे मोजावीत. दोन-तीन मिनिटांनी काम होत नाही. शाई, टूथपेस्ट, हळद, राख, तूप किंवा बर्फ यांपैकी काहीही लावू नये. कापड चिकटले असल्यास ओढू नये. अंगठी, बांगडी, कडे मात्र सूज येण्यापूर्वी काढावे. भाजलेले क्षेत्र मोजण्याची सोपी रीत अशी की, मुलाचा स्वतःचा पंजा बोटांसह धरला तर तो त्याच्या अंगाच्या सुमारे एक टक्का असतो. असे दहा पंजे भरतील एवढे भाजले असेल, अथवा चेहरा, हात, सांधा वा जननेंद्रिये भाजली असतील, तर पाणी ओतीत असतानाच वाहनाची व्यवस्था करावी.

आता संपूर्ण शरीर तापण्याविषयी. आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी घामावर अवलंबून आहे. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. परंतु घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. हवेत दमटपणा असला किंवा गर्दीमुळे वारा लागत नसला तर घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जण मृत्यू पावले. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवशी खारघरचा पारा त्याच्या खालीच होता. केवळ तपमापकावर विसंबून मैदानी कार्यक्रम ठरविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

उष्म्याने थकलेले मूल आणि उष्माघात झालेले मूल यांतील भेद शिक्षकास ओळखता आला पाहिजे. थकलेल्या मुलास घाम, तहान, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही लक्षणे असतात, पण ते शुद्धीवर असते. त्यास सावलीत निजवून मीठ-साखरेचे पाणी द्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे त्याचे प्रमाण. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले, आकडी आली किंवा बेशुद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही तो उष्माघातच. शरीराचे तपमान ४० अंशांच्या पुढे गेल्याने मेंदूतील पेशी व्यवहार सोडू लागलेल्या असतात. अशा वेळी तोंडाने काही देऊ नये. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व मानेवर ओली फडकी ठेवावीत आणि वाहन येईपर्यंत हे काम थांबवू नये. खिशातील कांद्याने यांतील काहीही साधत नाही. त्याचा राग धरू नये. पण त्याच्या भरवशावर मुलास उन्हात धाडू नये.

थंडीने होणारी इजा आपल्याकडे दुर्मिळ वाटते. तथापि मार्गशीर्ष-पौषात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतून शाळेत येणारी मुले, भिजलेल्या कपड्यांनिशी पहाटेच्या वाऱ्यात ट्रॅक्टरवर बसून येणारी मुले, यांचा विचार करावा. ओले कापड कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता नेते. शरीराचे तपमान ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. प्रथम मूल कुडकुडते. कुडकुडणे हा स्नायूंनी उष्णता निर्माण करण्याचा प्रयत्न होय. ते कुडकुडणे थांबले आणि मूल सुस्त व अडखळत बोलणारे झाले, तर त्यास बरे वाटू लागले असे मानू नये. शरीराची शिदोरी संपली असे समजावे. ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे, आणि हातपाय जोराने चोळू नयेत.

३. वीज

विद्युतप्रवाहाचा विचार करताना दाबाइतकेच शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहाकडे लक्ष दिले पाहिजे. अँपिअरच्या हजाराव्या भागास मिलिअँपिअर म्हणतात. एक मिलिअँपिअर प्रवाहाने झिणझिण्या येतात. दहा ते पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटविणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असल्याने हाताने तार घट्ट धरली जाते व सोडविता येत नाही. ‘वीज धरून ठेवते’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते केवळ थरथरत राहते व रक्त पुढे ढकलीत नाही. आता साधा हिशेब करावा. आपल्या घरातील दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० ला १००० ने भागले असता २३० मिलिअँपिअर येतात. म्हणजे ओल्या हाताने कूलर, मोटारीचा स्टार्टर किंवा तारेवरचे कपडे यांस लागलेला धक्का हृदय थांबविण्यास पुरून उरतो. कोरडा हात व पायांत रबरी पादत्राण असता तोच धक्का केवळ झटका देऊन सोडतो. एकाचे थोडक्यात निभावले म्हणून दुसऱ्याचे निभावेल, असा भरवसा यामुळेच धरता येत नाही.

विजेची बाहेरील जखम लहान असते. प्रवाह शिरला व बाहेर पडला तेथे दोन लहान काळे डाग, एवढेच दिसते. पण या दोन डागांच्या मधील स्नायू आतून शिजलेले असू शकतात. हे शिजलेले स्नायू तेच पोटॅशियम व तेच लाल प्रथिन रक्तात सोडतात, ज्याचा उल्लेख ढिगाऱ्याखाली दबलेल्यांच्या संदर्भात वर आला आहे. म्हणून धक्क्यानंतर लघवी गडद, चहाच्या रंगाची झाल्यास ते मूत्रपिंडावरील संकटाचे चिन्ह समजावे. मूल चालते-बोलते असले, तरी ज्यास चटका, बेशुद्धी किंवा छातीत धडधड झाली आहे त्यास डॉक्टरांकडून तपासून घेणे अवश्य आहे.

धक्का बसलेल्यास स्पर्श करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी. हा उपाय घरगुती विजेपुरताच आहे. डीपीवरील किंवा अकरा हजार व्होल्टची तार तुटून पडली असेल तर लाकूडही उपयोगी नाही; किमान दहा मीटर दूर राहून, मुलांस दूर ठेवून, महावितरणकडून प्रवाह बंद करवून घ्यावा. सुटका झाल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने मिनिटास १०० ते १२० या गतीने, मोठ्या मुलांत व प्रौढांत सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब द्यावेत. येत असल्यास तीस दाबांनंतर दोन वेळा तोंडाने श्वास द्यावा. रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवावे.

आकाशातील विजेने भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. मराठवाड्यात हे अपघात वळवाच्या पावसात व परतीच्या पावसात, शेतात आणि झाडाखाली होतात. वीज झाडावर पडली तरी तिचा प्रवाह जमिनीतून पसरतो. जमिनीवर अंतरागणिक दाबात फरक पडत असल्याने दोन पायांतील अंतर जितके अधिक तितका प्रवाह अधिक. गुरांचे पुढचे व मागचे पाय लांब असल्याने एका विजेत अनेक जनावरे मरतात ती यामुळेच. उघड्यावर सापडल्यास झाड सोडून, पाय जुळवून, उकिडवे बसावे. आडवे पडू नये. सर्वांत उत्तम म्हणजे पक्क्या इमारतीत जावे. लखलखाट व गडगडाट यांमधील सेकंद मुलांकडून मोजवावेत. ध्वनीस एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून सेकंदांस तीनने भागले की अंतर किलोमीटरांत येते. तीस सेकंदांपेक्षा कमी आले की मैदान रिकामे करावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल उपयोजन परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. प्रत्येक मुख्याध्यापकाच्या फोनवर ते असावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्यास हात लावण्यात कोणताही धोका नाही. अनेकांवर एकदम वीज पडली असेल तर जो कण्हतो आहे तो बहुधा जगेल. जो मृतवत् निपचित पडला आहे त्याच्याकडे प्रथम धावावे. त्याचे हृदय पुन्हा आपोआप सुरू झालेले असते किंवा होऊ शकते, फक्त श्वास थांबलेला असतो. तो दिला तर माणूस परत येतो. शेण-मातीत पुरून ठेवण्याच्या रूढीत हीच मोलाची मिनिटे वाया जातात.

४. किरणे

आतापर्यंतच्या तिन्ही प्रकारांत इजा होताना वेदना होतात. किरणांच्या बाबतीत निसर्गाने ही सूचनाही दिलेली नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसते. ग्रहणाकडे उघड्या डोळ्याने पाहणाऱ्या मुलास काही दुखत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी धूसर डाग दिसू लागतो व तो कायमचा राहू शकतो. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसले. अशा प्रसंगी काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म किंवा पाण्यातील प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही. प्रमाणित सौरचष्मा वापरावा, अथवा पुठ्ठ्याच्या लहान छिद्रातून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून ती पाहावी. मुलांस वर्गात कोंडून ठेवण्यापेक्षा ही रीत अधिक शैक्षणिक आहे. वेल्डिंगचा झोत पाहत उभी राहणारी मुले बाजारात नेहमी दिसतात. त्यातील अतिनील किरणांनी डोळ्याचा बाहेरील पडदा भाजतो. दुखणे मात्र सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री सुरू होते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

क्ष-किरण व किरणोत्सारी द्रव्यांतून निघणारी किरणे याहून भेदक होत. ती पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे धागेच तोडतात. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले तेव्हा त्यांचा हा गुण कोणास ठाऊक नव्हता. आरंभीच्या अनेक संशोधकांची बोटे व प्राण त्यात गेले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे स्फोटातून व आगीतून वाचलेली माणसे पुढील आठवड्यांत केस गळून, रक्तस्राव होऊन मृत्यू पावली, कारण झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशींस, म्हणजे अस्थिमज्जा, आतडी व केसांची मुळे यांस, ही किरणे प्रथम मारतात. तथापि मात्रेचा विवेक ठेवावा. निसर्गातूनच आपणांस दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते; छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीस पालक भीत असल्यास हे आकडे त्यांस सांगावेत.

खरा धोका बेवारस वस्तूंचा. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात ओसाड दवाखान्यातून एक यंत्र भंगारात गेले. त्यातील सीझियमची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघरी वाटली. चौघांचा मृत्यू झाला, त्यांत एक लहान मुलगी होती. आपल्या देशातही एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र फोडले गेले. एक कामगार दगावला व इतर कित्येकांस इजा झाली. भंगार गोळा करणारी मुले आपल्या पटावरही असतात. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पाती असलेले चिन्ह फळ्यावर काढून दाखवावे. असे चिन्ह असलेली वा जड शिशाची अनोळखी डबी दिसल्यास हात न लावता, दूर जाऊन, शिक्षकांस किंवा पोलिसांस सांगावे, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

शाळेत काय करावे

वरील विवेचनाचा उपयोग कागदावर राहू नये म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक शाळेने कराव्यात.

(१) अपघात नोंदवहीत ‘किरकोळ’ हा शब्द वापरू नये. त्याऐवजी उंची किती, वेग किती, कोणत्या वस्तूने, किती वेळ आणि मूल बेशुद्ध झाले होते की नाही, हे लिहावे. ही नोंद मुलाबरोबर डॉक्टरांकडे पाठवावी. तिचा त्यांस फार उपयोग होतो.

(२) मेन स्विच कोठे आहे हे सर्व शिक्षकांस, स्वयंपाकी व मदतनिसांस आणि वरच्या वर्गातील मुलांस दाखवून ठेवावे. अर्थिंग व उघड्या तारा यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करून घ्यावी.

(३) उन्हाळ्यातील मैदानी कार्यक्रम सकाळी दहाच्या आत संपवावेत. मुलांस उन्हात रांगेत उभे करून पाहुण्यांची वाट पाहू नये.

(४) १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. त्याखाली शाळेचे नाव, गाव व जवळचा मुख्य रस्ता लिहावा, म्हणजे घाबरलेल्या माणसासही पत्ता नीट सांगता येईल.

(५) केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस बोलावून छातीवर दाब देण्याची कृती प्रत्येक शिक्षकाने प्रत्यक्ष करून पाहावी. ही कृती वाचून येत नाही. हातांनीच शिकावी लागते.

आपल्या बहुतेक शाळा दोन शिक्षकी आहेत आणि कळंबचे रुग्णालय काही गावांपासून बरेच दूर आहे. रुग्णवाहिका येईपर्यंतचा जो काळ असतो, त्यात मुलाजवळ वैद्य नसतो, शिक्षक असतो. त्या वेळी इजा कोणत्या मार्गाने झाली याचा त्याने शांतपणे विचार करावा, वीस मिनिटे पाणी ओतावे किंवा छातीवर दाब देत राहावे, आणि निपचित पडलेल्या मुलास सोडून देऊ नये, एवढी अपेक्षा आहे.